साठी, बुद्धी आणि सोडियम

इलेक्ट्रोलाइट म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? जिममधून बाहेर पडताना हातात असलेली निळ्या-नारिंगी ड्रिंकची बाटली! आमच्या घरी मात्र हा शब्द आला तो आजीच्या लॅब रिपोर्टमधून.

आजी म्हणजे मुलुंड पूर्वेची एकदम कडक बाई. वय ७६. भाजीवाल्याचा हिशेब तोंडी, शब्दकोडं थेट पेनानं. पण गेल्या उन्हाळ्यात चारच दिवसांत तिचं काहीतरी बिनसलं. चहात दोनदा साखर, मळमळ, चालताना तोल जाणं. अंधेरीहून मेट्रो आणि घाटकोपरहून लोकल असा प्रवास करून मी घरी पोचले, तर विचारते, ‘शाळा लवकर सुटली का गं?’ आत्यानं फोनवर निकालच लावला, ‘साठी बुद्धी नाठी! वय झालं आता तिचं.’ घरात दबक्या आवाजात केअरटेकरची चर्चा सुरू झाली.

फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. चिठ्ठीवर दोनच शब्द, ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’. म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड. संध्याकाळी रिपोर्ट आला. सोडियम ११८! नॉर्मल असतं साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. डॉक्टर म्हणाले, ‘आजच अ‍ॅडमिट करा.’

आता गंमत बघा. आम्ही राहतो मिठागर रोडवर आणि मीठ कमी पडलं आमच्याच घरात! पण भानगड नुसत्या मिठाची नव्हतीच. रक्तातलं सोडियम म्हणजे मीठ आणि पाणी यांचं प्रमाण. आजीची बीपीची गोळी थायझाइड जातीची. ती लघवीवाटे सोडियम बाहेर काढते आणि जास्तीचं पाणी टाकून द्यायची किडनीची ताकदही कमी करते. त्यात ‘रोज चार लिटर पाणी प्या’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला आजीनं भलताच सिरियसली घेतलेला. थोडक्यात, आमटीत पाणी जास्त झालं होतं. सोडियम असं झपाट्यानं उतरलं की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूला सूज येते आणि माणूस गोंधळतो.

मला वाटलं, सलाइनमधून भराभर मीठ चढवतील. छे! चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसतं, नाहीतर मेंदूतल्या चेतातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते. म्हणून ती गोळी बंद, पाणी मोजून आणि दर काही तासांनी रक्ततपासणी.

या फेऱ्यांमध्ये लॅबच्या टेक्निशियनशी माझी गट्टी जमली. गॅसवर मीठ सांडलं की ज्योत पिवळी होते ना, पूर्वीचं फ्लेम फोटोमीटर हीच ट्रिक वापरायचं. सोडियमची ज्योत पिवळी, पोटॅशियमची फिकट जांभळी. आता आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड काही मिनिटांत आकडा देतो. एकदा आजीचं पोटॅशियम ६.२ आलं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५, आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आमची हवा टाइट! टेक्निशियन म्हणाला, ‘थांबा, सॅम्पल हीमोलाइज झालंय.’ म्हणजे रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या होत्या. त्यांच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त पोटॅशियम असतं, ते सगळं नमुन्यात मिसळलं. पुन्हा रक्त घेतलं, ४.१. हुश्श!

पाचव्या दिवशी सोडियम १३२ झालं. आजीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, ‘आज ऑफिसला दांडी वाटतं?’ आईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

तेव्हा मंडळी, एक लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश बहुधा महिने-वर्षं घेत हळूहळू येतो. घरातलं ज्येष्ठ माणूस चार दिवसांत बदललं, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी डॉक्टर गाठा आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. कारण सोडियम असेल, इन्फेक्शन असेल, साखरही असेल. स्वतःच्या मनानं मीठ-पाणी पाजू नका, गोळीही बंद करू नका. इलेक्ट्रोलाइटची टेस्ट तर आपल्या नाक्यावरच्या लॅबमध्येही होते.

आणि हो, आत्यालाही कळवलंय. आजीच्या साठीला सोळा वर्षं झाली, बुद्धी जागेवर आहे!