सक्ती आणि सदसद्विवेक

गतवर्षीं स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठीं आम्ही नववीच्या मुलांकडून लांकडी बंदुकांची कवाईत करून घेत होतों. एका मुलानें बंदूक हातीं घेण्यास नम्रपणें नकार दिला. हा आळसाचा बहाणा असावा, असें समजून आम्हीं त्यास तासभर व्हरांड्यांत उभें केलें. कारण विचारण्याचे श्रम मात्र घेतले नाहींत.

पुढच्याच आठवड्यांत वर्गांत सक्तीच्या लष्करी सेवेचा विषय निघाला. आपल्या देशांतील सैनिक स्वेच्छेनें भरती होतात. त्यामुळें मुलांस ही कल्पना नवी वाटली. म्हणून आम्हीं स्वित्झर्लंड देशाची माहिती मिळवून वाचली.

तेथील राज्यघटनेप्रमाणें प्रत्येक स्विस पुरुषावर लष्करी सेवेचें बंधन आहे. स्त्रियांस ती ऐच्छिक आहे. तरुणाची प्रथम तपासणी होते. मग बहुधा १८ आठवडे शिक्षण घेऊन तो घरीं परततो व आपल्या धंद्यास लागतो. पुढें कांहीं वर्षें सुमारें तीन-तीन आठवडे त्यास पुन्हां पलटणींत हजर व्हावें लागतें. साध्या शिपायाची एकूण सेवा २४५ दिवसांची भरते. कारकून, शेतकरी, शिक्षक हेच तेवढ्यापुरते शिपाई होतात; बहुतेक अधिकारीहि असेच नागरिक असतात. शांततेच्या काळीं त्या सेनेस जनरल नसतो. १९३९ सालीं युद्धाचें सावट आलें, तेव्हां संसदेनें आंरी गीझां यांस त्या पदावर निवडलें. जो पुरुष सेवा करीत नाहीं, त्यास सामान्यतः त्याबद्दल कर भरावा लागतो.

पण ज्याचें मन शस्त्र धरूं देत नाहीं, त्यानें काय करावें? पूर्वीं अशा तरुणांस पुष्कळदां तुरुंगाची वाट धरावी लागे. १९९६ सालीं त्यांस दुसरा मार्ग मिळाला. इस्पितळें, वृद्धाश्रम, अरण्यें अशा ठिकाणीं त्यांनीं नागरी सेवा करावी. मात्र तिची मुदत दीडपट. आरंभीं तरुणास आपल्या मनाची खात्री तोंडी पटवून द्यावी लागे. २००९ सालीं ती परीक्षा बंद झाली. दीडपट काम पत्करणें हाच प्रामाणिकपणाचा पुरावा ठरला. ही सक्ती रद्द करावी काय, असा प्रश्न २०१३ सालीं मतदारांपुढें आला, तेव्हां सुमारें ७३ टक्क्यांनीं ती राखली.

हें वाचतांना आम्हांस आपला व्हरांडा आठवला. दुसऱ्या दिवशीं त्या मुलास जवळ बोलावून आम्हीं कारण विचारलें. तो म्हणाला, "सर, लांकडाची असली तरी ती माणसावरच रोखायची ना? मला दुसरें काम सांगा. वाटल्यास जास्त सांगा."

आम्हांस उत्तर सुचेना. झाल्या गोष्टीबद्दल आम्हीं त्याची क्षमा मागितली.

स्वातंत्र्यदिनीं तो सर्वांआधीं आला. त्यानें मैदानावर पाणी शिंपडलें, कवाईत करणाऱ्यांस पाणी पाजलें, आणि सर्व घरीं गेल्यावर शेवटचें बांक वर्गांत नेऊन ठेवलें.

विद्यार्थीमित्रहो, नियम सर्वांस सारखा असावा, हें आम्ही अजूनहि मानतों. ज्यास तो मनापासून पाळवत नाहीं, त्यानें अधिक भार उचलण्याची तयारी ठेवावी. आणि शिक्षक व पालक यांनीं शिक्षा करण्यापूर्वीं एकदां कारण विचारावें. व्हरांड्यांतला तो एक तास आम्हांस आतां परत देतां येत नाहीं.