उलाळ गाडी

माझ्या धाकट्या भावाशीं माझें उघड भांडण असें कधीं झालें नाहीं; पण आजोबांचें शेत विकलें गेलें तेव्हांपासून आम्हां दोघांच्या बोलण्यांत जपून पाऊल टाकण्याची संवय शिरली होती. तो अमेरिकेंत अॅरिझोनामध्यें राहतो. २०१९ च्या जूनमध्यें मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां फीनिक्सच्या काहिलींतून सुटून फ्लॅगस्टाफच्या थंड हवेंत चार दिवस काढण्याचा बेत त्यानें आंखला.

उतरावयाचें कोठें? तर स्वतःच्याच चाकांवरच्या घरांत. या घराला तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पांचवें चाक, म्हणतात. मीं लगेच बाहेर जाऊन चाकें मोजलीं. तीं चारच भरलीं! पूर्वीच्या घोड्यांच्या चौचाकी गाडींत पुढच्या आंसावर एक आडवें कडें बसवीत आणि त्याच्या आधारें तो आंस वळे; तें हें पांचवें चाक. आज त्याच्या जागीं पिकअप ट्रकच्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या वर, एक लोखंडी जबडा असतो. घराच्या नाकाखालची खुंटी त्यांत अडकते आणि घराच्या वजनाचा सुमारें पंचमांश भार ट्रकच्या पाठीवर येतो.

भावानें नुकताच जुना ट्रक विकून नवा, अधिक उंच घेतला होता. घर मात्र जुनेंच. दोन्हीं जोडून झाल्यावर मीं बाजूला उभें राहून पाहिलें. घराचें नाक आकाशाकडे, शेपूट रस्त्याकडे! माझ्या तोंडून शब्द निघून गेला, “अरे, ही तर उलाळ झाली!”

शब्द आजोबांचा. गुळाच्या ढेपा गाडींत भरून झाल्या कीं, बैल जुंपण्यापूर्वीं ते जूं हातानें उचलून पाहत. हलकें लागलें तर गाडी उलाळ; दोन ढेपा पुढें घ्या. फार जड लागलें तर बैलांचे खांदे येतील. एक मागें ढकला. धाकटा त्या वेळीं हटकून मागच्या बाजूस पाय सोडून बसलेला असे, आणि आजोबा त्यालाही ढेपेसारखाच उचलून पुढें ठेवीत.

“दादा, ही बैलगाडी नव्हे,” भाऊ हंसून म्हणाला, “दोन आंसांत भार वांटणारा दांडा असतो हिला.” तो इंजिनियर, मी इंग्रजीचा प्राध्यापक. मी गप्प बसलों. त्या गप्प बसण्यांत शहाणपणापेक्षां मानच अधिक होता, हें मला आज कबूल केलें पाहिजे. कारण ट्रकमध्यें मागें त्याच्या दोन मुली बसल्या होत्या.

कॅम्प व्हर्डेच्या अलीकडे घराच्या मागच्या आंसाचा उजवा टायर फुटला. गाडी दोनदां हेलकावली, पोरी किंचाळल्या, भावानें मोठ्या कौशल्यानें ती कडेला घेतली. खालीं उतरून त्यानें प्रथम डाव्या बाजूच्या चाकांना हात लावून पाहिला. पुढच्यावर हात ठेववत होता, मागच्यावर ठेववेना. भार वांटणारा तो दांडा एका टोंकाला जाऊन टेकला होता. वांटावयास त्याच्यापाशीं जागाच उरली नव्हती. भाऊ माझ्याकडे न पाहतां म्हणाला, “तूं सांगितलं होतंस.” मला त्यांत मुळींच आनंद झाला नाहीं.

फ्लॅगस्टाफ अर्थातच राहिलें. टायर बदलून आम्ही हळूहळू परतलों आणि दुसऱ्या दिवशीं सपाट जागेवर फीत लावली. पुढची बाजू मागचीपेक्षां ५ इंच उंच! जबडा खालीं घ्यावा हा सोपा उपाय. पण मग घराचा पुढें आलेला भाग हौद्याच्या कडेपासून जेमतेम ३ इंचांवर येई. खळग्यांतून जातांना दोन्हीं आदळूं नयेत म्हणून तेथें ५-६ इंच तरी मोकळे लागतात. तेव्हां नाक खालीं न आणतां घरच वर उचलावें असें ठरलें. एका कारखान्यांत कमानपाट्यांच्या आधारांखालीं ३ इंच लोखंड जोडून घेतलें. त्या राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा साडेतेरा फूट. छपरावरच्या यंत्रासह आम्ही तिच्या आंत बसलों. फरक अर्ध्या इंचावर आला.

पुन्हां निघतांना भावानें खुंटी अडकवली आणि मला हांक मारली, “दादा, बाजूला उभा राहून बघ रे. उलाळ नाहीं ना?”

“उलाळ म्हणजे काय?” धाकट्या पुतणीनें विचारलें.

तो सांगूं लागला. आजोबांच्या गाडीवरून गोष्ट ढेपांवर गेली, ढेपांवरून उंसावर, उंसावरून शेतावर. तेथें तो क्षणभर अडला. मग त्यानें बांधावरच्या चिंचेचें झाड कोणत्या अंगाला होतें तें मला विचारलें, आणि मीं सांगितलें.