वीज गेल्यावर श्वास चालू राहावा म्हणून

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरातील वीज एकाएकी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि कळंबोलीतील माझ्या दवाखान्यातला दूरध्वनी वाजला. "डॉक्टर, आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय!"

ते यंत्र घरी ठेवण्याचा सल्ला माझाच होता. प्राणवायू किती लिटरवर ठेवायचा, नळी कशी स्वच्छ करायची, सारे मी समजावले होते. वीज गेल्यास काय कराल, एवढेच विचारायचे राहिले होते.

मुलगा धडपड्या. स्टील मार्केटमधील आपल्या दुकानातला पेट्रोलवरचा जनरेटर त्याने घरी आणला आणि आवाजाचा त्रास नको म्हणून काचा लावलेल्या गॅलरीत सुरू केला. मी पोहोचलो तेव्हा आजींना मळमळत होते, सुनेचे डोके ठणकत होते. ऑक्सिमीटर मात्र ९४ हा दिलासादायक आकडा दाखवत होता. जनरेटर बंद करून सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणले आणि आजींना रुग्णवाहिकेतील सिलिंडरवर रुग्णालयात हलवले.

जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही. आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो.

म्हणून यंत्र निवडण्यापूर्वी रुग्णाची गरज मोजा. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३०० ते ३५० वॅट वीज लागते. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची नवी बॅटरी त्याला चारएक तास पुरेल. जुनी असल्यास त्याहून कमी. सदनिकेतील कुटुंबाने प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा आणि सोबत प्राणवायूचा भरलेला सिलिंडर ठेवावा. सिलिंडरला वीज लागत नाही.

जनरेटर हा अंगण असलेल्या घरांसाठी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावरील गावे कित्येक दिवस अंधारात होती. तिथे बॅटरी किती पुरणार? मात्र तो घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला करून ठेवावा. पेट्रोल भरायचे ते इंजिन थंड झाल्यावरच. घराच्या वायरिंगला जोडायचा असल्यास जाणत्या वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. अन्यथा उलटी गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते.

आजी सावरल्या. आता कॉन्सन्ट्रेटर लिहून देताना त्याच चिठ्ठीवर मी एक ओळ लिहितो : 'वीज गेल्यास?' घरच्यांनी उत्तर दिल्यावरच खाली सही करतो.