सव्वा एकराचं रान

आमच्याकडं जमिनीचं माप गुंठ्यात चालतं. हॉकीचं मैदान नियमानं ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. जुन्या मापानं शंभर यार्ड बाय साठ यार्ड. एकदा रिकामा बसलो होतो तेव्हा मी त्याचे गुंठे काढले. साडेएकोणपन्नासच्या आसपास भरले. म्हणजे सव्वा एकराला जेमतेम अर्धा गुंठा कमी. माझा ओढ्याकडचा तुकडा बरोबर तेवढाच आहे. त्या तुकड्यात मी चाळीस वर्षं ऊस केला. माझ्या एका दोस्तानं तालुक्याच्या कॉलेजात त्याच्या सव्वा एकरात तेहतीस वर्षं पोरं घडवली. येत्या मेअखेर तो निवृत्त होतोय.

माझा ऊस काट्यावर जातो, पावती मिळते, बिल खात्यावर पडतं. त्याचं पीक दर तीन वर्षांनी बी.ए., बी.कॉम. होऊन निघून जातं. पावती नाही. गावात मी त्याला 'अरे' म्हणतो, मैदानावर पोरांदेखत 'सर' म्हणतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याला ते आवडायचं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर. कोल्हापूर जिल्ह्यात पोरगं जन्मलं की ते तालमीत जाणार नाहीतर फुटबॉल खेळणार, असं ठरलेलं. आमच्या गावात हॉकी आली ती बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतनं पेन्शनीत आलेल्या एका सुभेदारांमुळं. येताना त्यांनी चार जुन्या स्टिका आणल्या होत्या. बाकीच्या आम्ही बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून केल्या. चिंध्यांचा चेंडू, वरनं सुतळी गुंडाळलेली. खळ्यावर खेळायचो.

मी डावखुरा. विळासुद्धा डाव्या हातानं चालवतो. सुभेदार म्हणाले, "हॉकीत डावखुऱ्याला येगळी स्टिक न्हाई. स्टिकची एकच बाजू सपाट, तिनंच मारायचं. तुला हात बदलाय लागंल." माझा हात काही बदलला नाही. दोस्ताच्या हातात मात्र स्टिक अशी बसली की जणू खुरप्याची मूठच. चेंडू त्याच्या पुढं पुढं कुत्र्याच्या पिलागत पळायचा.

२९ जुलै १९८०. आम्ही दहावीत होतो. मॉस्को ऑलिंपिकची फायनल, भारत आणि स्पेन. सुभेदारांच्या सोप्यात रेडिओभोवती पंधरा-वीस माणसं. आपण ४–३ नं जिंकलो. सुभेदारांनी सगळ्यांना गूळ-शेंगा वाटल्या. ते हॉकीतलं आपलं आठवं सुवर्णपदक. त्यानंतर आजपर्यंत नववं आलेलं नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक? टोकियोला आणि पॅरिसला ब्राँझ आलं तेव्हा दोस्ताचा पहिला फोन मला आला होता. पण ते पुढं सांगतो, कारण मधली काही वर्षं त्याचा फोन मला येत नव्हता.

दहावी झाली आणि माझ्या वडलांना अर्धांगवायू झाला. मी औताला लागलो. तो शिकला, बी.पी.एड. झाला आणि १९९२ साली कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून लागला. मैदान म्हणून त्याला जे दाखवलं तिथं गाजरगवत, दगड आणि एका कोपऱ्यात बांधकामाची उरलेली वाळू होती. पहिल्या वर्षी अकरा पोरं गोळा होईनात. गोलकीपर म्हणून तालमीतला एक पैलवान उभा केला. तो चेंडू अडवायचा सोडून अंगावर आलेल्या गड्याची पकड घ्यायचा.

नव्या पोराला पहिले आठ दिवस तो स्टिक देत नसे. मैदानातले दगड वेचायला लावायचा. पोरं कुरकुरायची. तो म्हणायचा, "बाबांनो, पेरायच्या आधी रान साफ करतासा का न्हाई?" शेतकऱ्यांचीच पोरं सगळी. गप दगड वेचायची. मग सकाळी साडेपाचला सुरू. "कंबर खाली, स्टिक खाली, डोळं वर." चेंडू पायात असताना डोळे वर ठेवायचे, हे सगळ्यात अवघड. चेंडूकडं बघत राहिलं की साथीदार दिसत नाही, असं तो सांगायचा. मी बांधावर उभा राहून ऐकायचो. आपण नांगर धरताना फाळाकडं बघत नाही, समोरच्या खुणेकडं बघतो, तसंच ते.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. त्याला टर्फ म्हणतात. त्यावर खेळाआधी पाणी मारावं लागतं, तेही भरपूर. आमची पोरं मुरमावर शिकायची. मुरमावर चेंडू अडखळतो, उसळतो. बालेवाडीसारख्या ठिकाणी टर्फवर गेली की चेंडू सापासारखा निसटायचा. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल बसले की पोरांच्या माना खाली. यावर त्यानं उपाय काढला. पावसाळ्यात कॉलेजच्या हॉलमध्ये फरशीवर बादल्या ओतायच्या आणि तिथं पोरांना चेंडू थांबवायला शिकवायचं. शिपाई तक्रार घेऊन वर गेला. दोस्तानं स्वतः फरशी पुसून दिली.

स्टिकच्या पैशाची तर कायमच रड. पूर्वी स्टिका तुतीच्या लाकडाच्या असत, जालंधर-मेरठकडनं यायच्या. आता कार्बन फायबरच्या निघाल्या, किमती ऐकून पोट दुखतं. मी रेशमासाठी तुती लावली त्या वर्षी तो रानात आला, फांदी हातात घेऊन वाकवून बघितली आणि म्हणाला, "आळ्या घालून वाया घालवतोस बग." मोडलेल्या स्टिका तो चिकटवायचा, वर सायकलची ट्यूब कापून गुंडाळायचा. एस.टी.चं भाडं कितीदा त्यानं खिशातनं भरलं, हे त्याच्या बायकोला विचारा.

आता मुद्द्याचं लिहितो. इतके दिवस लिहायचं टाळलं.

माझा थोरला २००४ साली त्याच्या हाताखाली गेला. पोरगं चांगलं खेळायचं. दोस्त कधी तोंडावर कौतुक करायचा नाही, पण एकदा म्हणाला, "तुझं डोळं खाली असायचं, ह्याचं वर हाईत." २००६ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेची फायनल होती. निवड समितीची माणसं येणार होती. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असल्याचं आम्हाला कळलं होतं. माझ्या डोक्यात एवढंच की पोरगं विद्यापीठाच्या संघात गेलं की पुढं पोलिसात चिकटणार. कारभारणीला तर त्याच्या अंगावर खाकी दिसायला लागली होती.

फायनल बघायला मी पहिल्यांदाच नवा सदरा घालून गेलो. पोरगं बाकावर. सत्तर मिनिटं बाकावरच. आम्ही एका गोलनं हरलो. सामना संपल्यावर मी मैदानात घुसलो आणि सगळ्या पोरांदेखत दोस्ताला नको ते बोललो. "तुझ्या बापाला वैरण घातली आमी दुष्काळात," इथवर गेलो. तो काहीच बोलला नाही. खाली वाकून चेंडू गोळा करत होता. फक्त म्हणाला, "तीन दिवस सरावाला आला न्हाई तो. जी आली ती खेळली."

त्यानंतर आठ वर्षं आमचं बोलणं बंद. वाटेत दिसला तर मी बांध बदलायचो.

आता जे लिहितो ते तेव्हाही मला ठाऊक होतं. ते तीन दिवस पोरगं कुठं होतं? माझ्या रानात. त्या आठवड्यात आमची पाण्याची पाळी होती आणि लाईट रात्रीची. माझी कंबर धरलेली. तीन रात्री मी पोराला उसाला पाणी पाजायला लावलं. पहाटे चिखलानं भरलेलं पोरगं आलं की आडवं व्हायचं. त्यानं सरांना कारण सांगितलं नाही. बापाचं नाव कशाला घ्यायचं, असं त्याला वाटलं असणार. सरावाला उशीर झाला तर चालतो पण ऊस वाळला तर चालत नाही, हा हिशेब माझा. आणि शिव्या खाल्ल्या त्यानं.

पोरगं पोलिसात गेलं नाही. ट्रॅक्टर घेतला, भाड्यानं चालवतो, बरं चाललंय. २०१४ च्या ऑक्टोबरात एका सकाळी ट्रॅक्टर जागेवर नव्हता. भाडं तर कुठलं ठरलेलं नव्हतं. मोटरसायकल काढून शोधत गेलो तर कॉलेजच्या मैदानात. पावसानं मैदानाला घळी पडल्या होत्या. पोरगं मागची फळी टाकून रान सपाट करत होतं आणि दोस्त पुढं चालत दगड उचलत होता. मी पोराला विचारलं, "कधीपासनं?" तो म्हणाला, "ट्रॅक्टर घेतल्यापासनं. दर साली." डिझेलसुद्धा घेत नव्हता.

मी मोटरसायकल लावली आणि दगड वेचायला लागलो. दोस्तानं बघितलं. थोड्या वेळानं म्हणाला, "तिकडच्या 'डी'त जास्त हाईत." आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते. दोघांनी मिळून दुपारपर्यंत दगड वेचले. पाण्याचं मात्र मी त्या दिवशीही सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं.

मग पुन्हा येणं-जाणं सुरू झालं. त्यानं पोरींचा संघ उभा केला. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके भारताच्या संघात गेली तेव्हा तो तिचा फोटो घेऊन गावोगाव पोरींच्या घरी फिरला. "ही बी शेतकऱ्याचीच पोरगी हाय, मामी," असं आयांना सांगायचा. त्याच्या तेहतीस वर्षांत भारताच्या संघात कुणी गेलं नाही. विद्यापीठाच्या संघात काही गेली. सैन्यात बरीच. एक पोरगी शाळेत खेळाची बाई आहे. बाकीची शेती, दुकान, एम.आय.डी.सी. बाजारात कुठंही थांबला की कुणीतरी वाकून पाया पडतं, आणि तो नावाऐवजी जागा सांगतो, "हा लेफ्ट हाफ."

यंदाच्या ऑक्टोबरात त्याचं शेवटचं मैदान झालं. तिघं होतो. पोरगं रूळ फिरवत होतं, आम्ही दोघं दोरी धरून फक्की मारत होतो. त्याचा हात आता थरथरतो, रेघ वाकडी येते. मी विचारलं, "चार्ज कुणाला देणार?"

"जागा भरायची काय चिन्हं न्हाईत. भूगोलाच्या म्याडमला देतोय. बिचारीनं अठ्ठावीस स्टिका मोजून घेतल्या. त्यातल्या नऊ मोडक्या हाईत, ते बी लिहून घेतलं."

दोघंही हसलो. मग तो दोरी धरूनच म्हणाला, "त्या फायनलचं अजून डोक्यातनं जात न्हाई. पोरगं हुशार होतं. शेवटची दहा मिनिटं तरी घालाय पायजे होतं का? नियम माझा होता, मोडता आला असता. पण मग जी रोज आली, त्यांना काय सांगणार होतो?"

मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत हा विसरला असेल. मी सांगून टाकलं. पाळी माझी होती, तीन रात्री मीच पाठवलं, पोराची काही चूक नव्हती.

तो उभाच राहिला. फक्कीची पाटी हातात. लांब रुळाचा आवाज. मला वाटलं, आता हा आपल्याला धरून बोलणार, आणि बोलला असता तर बरं झालं असतं.

"मग तवाच का न्हाई बोललास मर्दा?" एवढंच म्हणाला. जरा वेळानं, "पोरगं बी काय बोललं न्हाई," म्हणून त्यानं रुळाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. वाकून मी दोरी पुन्हा ताणली.

"धर नीट," तो म्हणाला. "अजून मधली रेघ ऱ्हायलीय."