राक्षसराजा, देवदूत आणि एक कप कॉफी

आठवड्याचं शेवटचं ‘अर्जंट’ मेल पाठवून झालं की माणसाला नेमकं काय हवं असतं? पब? मल्टिप्लेक्स? जिम? छे! खरं सांगायचं तर बहुतेकांना हवा असतो एक कोपरा, एक गरम कप आणि ‘रिपोर्ट कधी देतेस?’ असं न विचारणारी चार माणसं. मला हे सगळं मिळालं ते टोकियोतल्या एका कॅफेत. फरक इतकाच, की तो कॅफे निन्टेन्डो स्विचच्या सहा इंची पडद्यावर आहे आणि तिथल्या चार गिऱ्हाइकांपैकी एकाला डोकं नाही.

डोकं नाही म्हणजे बिनडोक नव्हे हं! खरोखरच शिर नसलेला सरदार. आयरिश लोककथांमधला डलाहान.

गेमचं नाव ‘कॅफे आँशांते’. जपानमध्ये तो २०१९ साली आला आणि इंग्रजीत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये. प्रकार : व्हिज्युअल नॉव्हेल. म्हणजे चित्रं, संगीत, खालच्या चौकटीत सरकणारे संवाद आणि अधूनमधून तुम्हाला विचारलेला प्रश्न : आता काय करणार? तुम्ही जे निवडाल त्याप्रमाणे गोष्ट फाटे फोडत जाते. बंदूक नाही, गाडी नाही, उड्या नाहीत. माझा भाऊ खांद्यावरून डोकावून म्हणाला, “हे काय, नुसतं वाचतेयस की!” बरोबर आहे. नुसतं वाचतेय. आत्तापर्यंत ४५ तास झालेत.

मुलींसाठी, मुलींनी

या जातीच्या खेळांना जपानीत ‘ओटोमे गेम’ म्हणतात. ओटोमे म्हणजे तरुण मुलगी. नायिका तुम्ही, आणि समोर देखण्या नायकांची रांग. याची सुरुवात १९९४ सालची. त्या वर्षी कोनामीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ आला, त्यात शाळकरी मुलगा मुलींची मनं जिंकायला धडपडतो. त्याच वर्षी कोएई कंपनीनं ‘आंजेलिक’ आणला आणि पाटी उलटी फिरवली. कोएईच्या सहसंस्थापक केइको एरिकावा यांच्या डोक्यात होतं, की बायकांनी बायकांसाठी गेम करावेत. त्यातून ‘रुबी पार्टी’ नावाची टीम उभी राहिली आणि त्या टीमनं हा गेम केला. त्यात एक साधीसुधी मुलगी चक्क विश्वाची राणी होण्याच्या परीक्षेला बसते आणि मदतीला नऊ रक्षक असतात. राणीपद घ्यायचं की प्रेम, हे तिनं ठरवायचं. करिअर की लग्न? म्हणजे बघा, तीस वर्षांपूर्वीचा गेम आणि प्रश्न आपल्या लंच टेबलवरचा!

‘कॅफे आँशांते’ बनवला ओटोमेट या ब्रँडनं, जो आयडिया फॅक्टरी या जपानी कंपनीचा आहे. पण तो मला भावला त्याचं कारण त्याची नायिका. कोतोने आवाकी ही शाळकरी मुलगी नाही, राजकन्या तर मुळीच नाही. ती कॉर्पोरेट नोकरीला रामराम ठोकून आलेली आहे. आजोबा वारलेत आणि त्यांचा छोटासा कॅफे तिच्या वाट्याला आलाय. म्हटलं तर स्वप्नच की! आपल्यातल्या किती जणांनी अप्रेझलच्या दुसऱ्या दिवशी ‘आपण मस्तपैकी एक कॅफे काढू’ असं म्हटलेलं नाही?

पण कोतोनेच्या कॅफेत एक भानगड आहे. तो दुसऱ्या लोकांशी जोडलेला आहे. लोक म्हणजे माणसं नव्हेत, स्वर्गलोक-पाताललोक यांतला लोक. पहिल्याच दिवशी आजोबांची नेहमीची गिऱ्हाइकं आत येतात आणि आपापल्या जागी बसतात. जणू काही झालंच नाही.

पाच स्थळं

आता या मंडळींची ओळख करून देते. स्थळं बघायची सवय आहेच आपल्याला.

कानुस एस्पादा : वर सांगितलेला शिर नसलेला सरदार. सगळ्यांत सभ्य. इग्निस कारबुंकुलुस : श्वापदांच्या दुनियेतला, तोंडानं फटकळ. इल फादो दे रिए : स्वर्गातून पडलेला देवदूत. हा स्वतःच ओटोमे गेमचा वेडा आहे! गेममधला नायक गेम खेळतो आणि तिथे शिकलेले प्रेमाचे धडे प्रत्यक्षात आणू बघतो. या महाशयांनी मला इतकं हसवलं, की शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली. मिसिर रेक्स : राक्षसांचा राजा. रुबाब एकदम झकास, पत्रिका जुळवायची मात्र सोय नाही. आणि पाचवे काओरू रिंदो, हे साधे मानव. सरकारी नोकरीत आहेत आणि या परलोकीच्या मंडळींवर लक्ष ठेवायचं काम करतात. माझ्या आईनं यादी ऐकली आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “तो सरकारी नोकरीवाला बरा.”

सुरुवातीचे बरेच तास या गेममध्ये प्रेमबिम काही घडतच नाही. कॅफे उघडायचा, काउंटर पुसायचा, या चमत्कारिक गिऱ्हाइकांना खाऊपिऊ घालायचं, त्यांची भांडणं सोडवायची. कधी कुणाच्या दुनियेत फेरफटका. जादू आहे, पण चिमूटभर, आमटीत हिंग असतो तेवढी. पुढे एकेका नायकाची स्वतंत्र वाट फुटते आणि तिथे मात्र हा हलकाफुलका गेम चांगला रडवतो. राक्षसराजाची वाट तर कुलूपबंद असते. बाकीच्या चौघांच्या कथा पुऱ्या केल्याशिवाय ती उघडत नाही.

यातला फंडा मला फार आवडला. दुसऱ्यांदा खेळताना वाचून झालेला मजकूर ‘स्किप’ करता येतो. म्हणजे तुमच्यासमोर तोच कॅफे, तीच माणसं भराभर पळत असतात आणि अचानक गेम थांबतो. का? तर तुम्ही या वेळी वेगळं उत्तर दिलंय आणि त्यामुळे कुणीतरी असं काही बोलतंय जे तुम्ही आधी ऐकलेलं नाही. हे माणूस आधीही तिथेच बसलं होतं. तुम्ही फक्त दुसऱ्याशी बोलत होतात.

वारसा म्हणजे नेमकं काय?

एका रात्री खेळता खेळता मी थांबले, आणि त्याला कारण होतं. आमच्या घरातही नेमका हाच विषय चालू होता.

माझ्या आजीची पुण्यात नारायण पेठेत खानावळ होती. वाड्याच्या दर्शनी दोन खोल्या, सहा बाकं, खडूनं लिहायची पाटी. ‘आज मटकी. रविवारी संध्याकाळी बंद.’ गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः स्पर्धा परीक्षेची मुलं. परभणी, बीड, लातूर, नंदुरबार. आसपासच्या अभ्यासिकांमधून दीड वाजता बाहेर पडायची आणि डोळे चोळत आमच्या दारात उभी राहायची. आजीला सगळी ‘मावशी’ म्हणत. पेठेतल्या आमच्या गुळमट आमटीला त्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. परभणीच्या एकानं तर सरळ सांगितलं, “मावशी, ही आमटी आहे का सरबत?” आजीनं त्याच्या आईला फोन लावायला लावला आणि येसर कसा भाजतात ते विचारून घेतलं. तेव्हापासून दर गुरुवारी येसर आमटी. ब्राह्मणी वाड्यात मराठवाडा शिजायला लागला. आता सांगा, दुसऱ्या दुनियेकडे उघडणारं दार यापेक्षा वेगळं काय असतं?

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. मुलं गावी गेली. खानावळ बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आजी गेली. तेराव्याला आमची माणसं पंक्ती वाढायला उठणार, तोवर अकरा अनोळखी माणसं उभी राहिली. कुणी तलाठी, कुणी बँकेत, कुणी परीक्षेचा नाद सोडून शेती करणारं. त्यांनी आम्हाला खाली बसवलं आणि स्वतः वाढलं. त्यांना भांडी कुठे ठेवलीत ते ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

त्या दोन खोल्यांसाठी यंदा भाडेकरू आला. मोबाइलच्या कव्हर-चार्जरचं दुकान टाकायचंय म्हणाला. बाबांनी मला आणि चुलत बहिणीला समोर बसवलं आणि विचारलं, “तुम्हा दोघींपैकी कुणाला काही करायचं असेल तर आत्ता सांगा. नंतर म्हणू नका.”

गेममध्ये असतं तर समोर दोन पर्याय आले असते. वर ‘हो’, खाली ‘नाही’. आधी सेव्ह करून ठेवायचं, ‘हो’ दाबून बघायचं, नाही जमलं तर मागे यायचं. इथे आम्ही कागद घेतला. गॅस, भाजी, दोन बायकांचे पगार, परवाना, भांडी नव्यानं. पहाटे पाचला मार्केट यार्डात कोण जाणार? बहीण हिंजवडीला आयटीत, घरी यायलाच नऊ वाजतात. मी फ्रीलान्स. माझे चेक कधी येतात ते चेक देणाऱ्यांनाही माहीत नसतं. कोतोनेच्या कॅफेत वीजबिल आलेलं मी तरी पाहिलं नाही. ती नोकरी सोडते तेव्हा डोक्यावर छप्पर आणि समोर गिऱ्हाईक आयतं असतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. हा काही गेमचा दोष नाही. त्याला गोष्ट सांगायचीय, हिशेब नाही.

मी ‘नाही’ म्हटलं. बहिणीनंही. त्या रात्री मी गेम उघडला तेव्हा थोडं अपराधी वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खेळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. आजोबांनी नातीला कॅफे दिला असं म्हणायचं, पण तिला खरं मिळालं ते काय? खुर्च्या? कॉफीचं मशीन? नाही. तिला मिळाली ती आजोबांनी जमवलेली माणसं. एक जण शिर नसलेला, एक जण स्वर्गातून हाकललेला. ज्यांना आपापल्या दुनियेत जागा सापडली नव्हती, त्यांना आजोबांनी टेबल दिलं होतं. नात ते टेबल पुसून ठेवते, इतकंच. आणि हे काम करायला दोन खोल्या असाव्यात असं कुठे आहे?

वहीचं शेवटचं पान

मी बाबांना म्हटलं, खोल्या द्या, पण पाटी आणि आजीची वही मला हवी. वही म्हणजे लांबट, लाल कापडी बांधणीची, महिन्याच्या खात्याची. नावं, गावं, किती दिवस जेवला, किती बाकी. काही नावांपुढे बाकी आहे आणि त्यावर आडवी रेघ. पैसे आले म्हणून नव्हे, तो मुलगा दोनदा नापास झाला म्हणून. तसं आजीनं बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय.

त्यातल्या परभणीवाल्याला मी फोन केला. नंबर तेराव्यालाच घेतला होता. म्हटलं, दादा, येसर आमटीची कृती द्याल का? ते आता एका तालुक्याच्या कचेरीत आहेत. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, माझी आई गेली दोन वर्षांमागं. तिनं कधी लिहून ठेवलं नाही. तुमच्या मावशीनं लिहिलं होतं, वहीत मागच्या बाजूला. मीच सांगितलं होतं लिहायला.”

वही उलटी करून उघडली. होतं! ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, सगळं मापानिशी. खाली त्यांच्या आईचं नाव आणि गाव. मी पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचा उलट फोटो आला चार दिवसांनी. पातेल्यात तांबूस रस्सा, बाजूला भाकरी आणि चमच्याशी झटापट करणारी त्यांची लेक.

आता तुम्ही म्हणाल, बाई, गेमबद्दल लिहिताय की आमटीबद्दल? दोन्हीबद्दल. टाइमपास म्हणून सुरू केलेल्या गोष्टी कधी कधी नको तिथे बोट ठेवतात. एरवी गुलाबी पाकळ्या उडवणारा हा खेळ, त्यात राक्षसराजा लाजतो बिजतो. पण मधल्या वेळात तो तुम्हाला सारखं एकच काम देतो : समोरचा माणूस काय म्हणतोय ते नीट ऐका, मग उत्तर द्या. दिवसभर ‘नोटेड’ आणि ‘ओके’ टाइप करणाऱ्या बोटांना हा व्यायाम बरा.

खेळायचाच असेल तर दोन सूचना. एक, घाई करू नका. पहिल्या फेरीत सुरुवातीचे तास रेंगाळलेले वाटतील, पण पुढचं रडू तिथेच मुरत घातलेलं असतं. दोन, देवदूताची कथा मैत्रिणीसोबत खेळा, हसायला जोडीदार लागतो.

माझी चौघांची लग्नं लावून झालीत. आईच्या आग्रहाखातर सरकारी नोकरीवाल्याचं सगळ्यांत आधी. राक्षसराजाचं कुलूप आता उघडलंय, पण अजून आत गेले नाही. येसर भाजायला घ्यायचाय, आणि बहीण शनिवारी येतेय. आधी आमटी, मग राजेसाहेब.