चढव, फाड, चढवून फाड

‘कॅश’ हा शब्द कानावर पडला की सुलतान बाजारात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुकानाचा गल्ला उभा राहतो. संगणकातल्या कॅशचा रोकडीशी काही संबंध नाही. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या पण अतिवेगवान स्मृतीला लावतात. मुख्य स्मृती हे कोठीघर मानले, तर कॅश म्हणजे चुलीजवळचे फडताळ. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ही कल्पना लेखरूपाने मांडली आणि १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ‘३६० मॉडेल ८५’ या यंत्रात ती व्यवहारात आली.

या सोयीबरोबर एक पेचही आला. एकाच मजकुराच्या दोन प्रती झाल्या. प्रोसेसरने कॅशमधली प्रत दुरुस्त केली, की कोठीघरातली शिळी होते. एखाद्या उपकरणाने परस्पर कोठीघरात नवा मजकूर ठेवला, की फडताळातली शिळी होते. पुष्कळदा यंत्र हा मेळ आपणच घालते. जिथे घालत नाही, तिथे ते काम ‘कर्नेल’ या संचालन प्रणालीच्या गाभ्याला करावे लागते. पहिल्या प्रसंगी कॅशमधला मजकूर मुख्य स्मृतीत उतरवायचा असतो, दुसऱ्या प्रसंगी तो टाकून द्यायचा असतो. दोन्ही कामे कॅशवरचीच. परिणाम मात्र परस्परविरुद्ध.

हा भेद मी कोणत्याही पुस्तकात वाचण्यापूर्वी वडिलांच्या तोंडून ऐकला होता. ते सुलतान बाजारातल्या एका कापडदुकानात हिशेब लिहीत. दिवसभराची उधारी कच्च्या वहीत टिपली जाई आणि रात्री पक्क्या खात्यावर चढे. एकदा कुणीतरी नव्या पोऱ्याला सांगितले, ‘कच्ची वही साफ कर.’ सांगणाऱ्याच्या मनात ‘साफ उतरवून काढ’ असे होते. पोऱ्याने पाने फाडून वही साफ केली. त्या दिवसाची उधारी गिऱ्हाइकांच्या सचोटीवर येऊन ठेपली. वडील पोऱ्याला रागावले नाहीत. दोष शब्दाचा आहे, असे ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात तीनच आज्ञा उरल्या : चढव, फाड, चढवून फाड.

पुढे माझा चरितार्थ प्रोसेसरच्या जवळ चालणाऱ्या आज्ञावलींवर झाला, तेव्हा तिथेही तोच ‘साफ कर’ भेटला. इंग्रजीत त्याला ‘फ्लश’ म्हणतात. आर्म प्रोसेसरांच्या अधिकृत संदर्भग्रंथात या शब्दाची व्याख्याच नाही. तिथे उतरवण्याला ‘क्लीन’ आणि टाकून देण्याला ‘इनव्हॅलिडेट’ म्हटले आहे. लिनक्सच्या ६४-बिट आर्म शाखेत मात्र ‘फ्लश’ वर्षानुवर्षे नांदत होता. शिवाय काही आज्ञा आरंभ आणि लांबी मागत, तर काही आरंभ आणि शेवट. कापडाच्या भाषेत सांगायचे, तर एकाला ‘इथून तीन वार’ सांगायचे आणि दुसऱ्याला ‘इथून त्या खुणेपर्यंत’. खुणेचा आकडा वार समजून कात्री चालवली, तर सारा तागाच जायचा.

२०२१ साली ही घडी नीट बसवण्यात आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.१४ या आवृत्तीत ती सर्वांच्या हाती पडली. बहुतेक आज्ञांना आरंभ आणि शेवट हेच माप मिळाले. कोणता कॅश, उतरवायचा की टाकायचा की दोन्ही, आणि कोणत्या बिंदूपर्यंत, हे त्यांच्या नावातच आले.

याच आज्ञांमधली एक जुनी रीत मला विशेष भावते. कॅशमध्ये मजकूर ओळींनी राहतो. एक ओळ बहुधा ६४ बाइटांची. टाकून द्यायचा मजकूर ओळीच्या मधेच सुरू होत असेल, तर उरलेल्या भागात शेजाऱ्याचा मजकूर असू शकतो. म्हणून अशा कडेच्या ओळी नुसत्या टाकत नाहीत. आधी उतरवतात, मग टाकतात. वडीलही फाडण्यापूर्वी पान उलटून पाहत. पाठीमागे दुसऱ्याचे खाते असायचे.

या खटाटोपातून नवे काय मिळाले, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. यंत्राचे काम बव्हंशी पूर्वीचेच राहिले. मग नावांसाठी एवढा आटापिटा कशाला? नुसत्या पाटीने काही बदलत नाही, हे आपल्या वस्तीला ठाऊकच आहे. १९३३ साली रेसिडेन्सीचे बाजार निजामाकडे परत आले आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला, म्हणून वाराची लांबी काही बदलली नाही. पण पाटी चुकली तर माणूस विचारत विचारत दुकान गाठतो. आज्ञा चुकली तर विचारायची सोय नसते. ‘फाड’ म्हटले की प्रोसेसर फाडतो, आणि गेलेली नोंद गेली हेही कुणाला कळत नाही.

सगळी जुनी नावे मात्र पुसली गेली नाहीत. कर्नेलचे इतर विभाग ज्या ‘फ्लश’ नावाने हाक मारत, त्यातली काही नावे दाराशी तशीच ठेवली. आत गेल्यावर नेमक्या शब्दाची आज्ञा चालते. वडिलांनीही गिऱ्हाइकांची बोली कधी सुधारली नाही. कुणी मराठीत बोले, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत. ते सर्वांना त्यांच्याच बोलीत उत्तर देत. खातेवहीत मात्र त्यांनी शेवटपर्यंत एका गोष्टीला एकच शब्द लिहिला. त्या वहीवर कुणाचे तरी देणे-घेणे अवलंबून आहे, एवढेच कारण ते सांगत.