खडखड की खुळखुळ?

अनुकरणवाचक शब्दांना आपण वर्गात जेमतेम अर्धा तास देतो. गॅरेजमध्ये मात्र सारा निवाडा त्यांच्यावरच होतो. माझ्या बिनगिअरच्या स्कूटरचा आवाज पुरता न ऐकताच एका गॅरेजने सगळा क्लच बदलायला सांगितले होते. दुसऱ्या मेकॅनिकने आधी विचारले, "सर, खडखड की खुळखुळ?"

उभी गाडी खुळखुळते आणि ॲक्सिलरेटर पिळताच गप्प होते, तेव्हा संशय व्हेरिएटरवर. त्यातले रोलर वेगाबरोबर बाहेर फेकले जातात, पुलीची सरकती बाजू रेटतात, बेल्ट वर चढतो. दाब आला की सैल भागही मुके होतात. (बर्फावरच्या स्नोमोबाइलमध्येही वजने आणि बेल्ट यांचा असाच खेळ असतो.) निघताना गाडी थरथरली, तर मात्र मागच्या क्लचचे शू पाहायचे.

उघडल्यावर रोलर एका अंगाने चपटे निघाले, प्लास्टिकच्या सरकत्या पट्ट्याही झिजलेल्या. सहाही रोलर, मूळच्याच वजनाचे, एकदम बदलले.

"नुसते ग्रीस भरून भागले नसते?"

"आवाज दबला असता, सर. पण बेल्टला लागलं की बेल्ट घसरतो."

खुळखुळ थांबली. आता हँडलपाशी एक बारीक किरकिर ऐकू येते. ती आधीपासूनच असणार.